आपले मूल आणि दुसऱ्याचे मूल

नोव्हेंबर महिना लागला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. गवत काढायचे, क्रूस पुसायचा, फुले ठेवायची, मेणबत्ती लावायची आणि मग दोन घटका तिथेच रेंगाळायचे. अशा वेळी आपल्या माणसांच्या शेजारी जे विसावले आहेत, त्यांच्या पाट्याही आपण वाचतो. ‘प्रेमळ पिता व आदर्श शिक्षक.’ ‘कुटुंबवत्सल गृहस्थ व समाजाचे निष्ठावंत सेवक.’ वर्तमानपत्रातल्या स्मृतिदिनाच्या चौकटींतही हेच शब्द असतात. ते लिहिणाऱ्यांच्या मनात माया असते आणि वाचणाऱ्यांनाही त्यात काही खोटे वाटत नाही.

पण या ओळींतले एक अक्षर आम्हाला नेहमी थांबवते. ते अक्षर म्हणजे ‘व’. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला गाव आणि मध्ये हे इवलेसे ‘व’. पाटीवर ते किती सहज बसते! माणूस जिवंत असताना मात्र ते इतके सहज बसलेले नसते. जो शिक्षक रोज संध्याकाळी गावातल्या मुलांची गणिते सोडवून देत होता, त्याच्या मुलीची वही कोण तपासत होते? जो प्रशिक्षक अंधार पडेपर्यंत मैदानावर शिट्टी वाजवत होता, त्याच्या घरी जेवणाची ताटे किती वेळ झाकून ठेवलेली असत? आणि याहून अवघड प्रसंग म्हणजे त्याच शिक्षकाच्या वर्गात किंवा त्याच प्रशिक्षकाच्या संघात त्याचे स्वतःचे मूल येऊन उभे राहिले, तर त्याने काय करावे? आपल्या मुलाला थोडे झुकते माप द्यावे, कारण तो बाप आहे? की सर्वांना सारखे मापावे, कारण तो प्रशिक्षक आहे? की लोक नावे ठेवतील म्हणून आपल्याच मुलाला थोडे कमी द्यावे?

हा प्रश्न फक्त मोठ्या माणसांचा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाची पात्रे निवडताना, गायनवृंदात एकट्याने गाण्याचे कडवे कोणाला द्यायचे हे ठरवताना, पतसंस्थेत नोकरभरती करताना, सहलीच्या बसमध्ये पुढची जागा देताना हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतोच. बहुतेक वेळा आपण तो मनात पुरता उमटूही देत नाही. हात आपोआप आपल्या माणसाकडे वळतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका फुटबॉल प्रशिक्षकाची आठवण येते. ते आपल्या प्रांताचे नव्हते आणि आपल्या धर्माचेही नव्हते. पण आपल्या माणसांनी त्यांच्या हाताखाली देशासाठी घाम गाळला. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. खेळाडू त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. पेशाने ते शिक्षक. उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी हैदराबादच्या शाळांतून शिकवले आणि पुढे फुटबॉलच्या मैदानावर गेले, ते शिक्षक म्हणूनच. हैदराबाद पोलीस संघाला त्यांनी असे घडवले की १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. ही स्पर्धा आता बंद पडली आहे. पण कूपरेजच्या मैदानावर जाऊन ते सामने पाहिलेली जुनी माणसे आपल्यातही होती आणि हैदराबादच्या पोलिसांचा तो वेगवान खेळ ती वर्षानुवर्षे सांगत असत.

१९५० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६३ पर्यंत, रहीमसाहेबांचे नाव भारतीय संघाशी जोडलेले राहिले. १९५१ साली दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा भारताने इराणला एका गोलने हरवून सुवर्णपदक मिळवले. लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. आपले बरेचसे खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्या पराभवानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी संघाला नव्या पद्धतीने शिकवायला सुरुवात केली आणि चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, भारत चौथा आला. त्या स्पर्धेत यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४–२ असे हरवले. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. मूळ गोव्याचे आणि मुंबईत खेळलेले नेव्हिल हे ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू.

रहीमसाहेबांच्या शिकवण्याची एक तऱ्हा आम्हाला फार आवडते. लहान मुलांसाठी ते अशा स्पर्धा भरवत की ज्यात चेंडू फक्त कमजोर पायाने मारायचा. उजव्या पायाच्या मुलाने डाव्याने खेळायचे आणि डाव्या पायाच्याने उजव्याने. काही स्पर्धांत चेंडू स्वतःजवळ घोळवत ठेवायला बंदी असे. तो आला की दुसऱ्याला द्यायचा. हे ऐकायला गंमतीचे वाटते. पण विचार केला तर यात शिक्षकाचा सगळा स्वभाव दिसतो. मुलाचे जे आधीच चांगले आहे, त्यावर टाळ्या कोणीही वाजवतो. जे लंगडे पडते आहे ते बळकट करायला आणि चेंडू दुसऱ्याच्या पायात द्यायला शिकवणे हे मात्र वेळखाऊ काम असते.

दुसरी गोष्ट तुलसीदास बलराम यांची. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावात गरिबीत वाढलेला हा मुलगा. रहीमसाहेबांच्या नजरेत त्याचा खेळ भरला आणि त्यांनी त्याला हैदराबादच्या सरावाला बोलावले. मुलाकडे रोज शहरात यायला पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलसाठी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. तो मुलगा सायकल दामटत सरावाला येऊ लागला आणि पुढे भारताच्या श्रेष्ठ आघाडीवीरांत गणला गेला. २०२३ साली बलराम वारले. ही सायकलची गोष्ट त्यांनी आयुष्यभर जपली.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. रहीमसाहेबांना स्वतःचा मुलगा होता आणि तोही फुटबॉल खेळत होता. त्याचे नाव सय्यद शाहिद हकीम. १९६० साली रोमला ऑलिंपिक झाले. भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब आणि निवडलेल्या खेळाडूंत हा एकवीस वर्षांचा हकीम. हंगेरीविरुद्ध भारत १–२ असा हरला. फ्रान्सबरोबर १–१ अशी बरोबरी झाली. तो गोल कर्णधार पी. के. बॅनर्जी यांचा होता. पेरूविरुद्ध १–३ अशी हार झाली आणि भारताचे आव्हान संपले. तीन सामने झाले. तिन्ही सामन्यांत हकीम मैदानावर उतरला नाही. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलण्याची सोय नव्हती. अकरा जणांत नाव नसेल तर बाहेर बसायचे, एवढेच. तो बाहेर बसला आणि अकरा नावे ठरवणारे त्याचे वडील होते.

त्या बाकाची आपण जरा कल्पना करू या. ऑलिंपिक काही दरवर्षी येत नाही. हकीमच्या वाट्याला खेळाडू म्हणून ते पुन्हा आलेच नाही. भारताचा फुटबॉल संघही त्यानंतर आजतागायत ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत पोचलेला नाही. पेरूविरुद्धचा सामना तर शेवटचाच होता. एका सामन्यापुरते मुलाला उतरवले असते, तर कोण काय म्हणणार होते? ‘माझा मुलगा ऑलिंपिक खेळला’ असे म्हणायला मिळावे, ही इच्छा कोणत्या बापाला होणार नाही? आणि ती इच्छा पुरी करणे ज्याच्या हातात आहे, त्याला ती किती टोचत असेल?

अशा वेळी गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे असतात. ‘बापामुळे संघात आला,’ असे एक जण म्हणतो. ‘बापामुळेच बाहेर बसला,’ असे दुसरा म्हणतो. आपल्याला यात न्यायाधीश व्हायचे नाही. आपल्याला विचार करायचा आहे तो असा की, आपण तिथे असतो तर काय करणे योग्य ठरले असते?

एक विचार असा. बापाचे प्रेम हे मुळातच पक्षपाती असते आणि तसेच ते असायला हवे. शेजारच्या आजारी मुलाजवळ मी एक तास बसेन, पण स्वतःच्या मुलाच्या उशाशी रात्रभर जागेन. यात काही अन्याय नाही. सर्व मुलांवर अगदी सारखे प्रेम करणाऱ्या बापाचे मूल खरे तर पोरकेच म्हणायचे. मग मैदानावर तरी बापाने बापपण का विसरावे? ज्या हातांनी त्याला चालायला शिकवले, त्यांनी त्याला थोडे पुढे ढकलले तर बिघडले कुठे?

या विचारात तथ्य आहे म्हणूनच तो आपल्याला सहज फसवतो. त्याचे उत्तर आमच्या मते असे आहे की, देणाऱ्याने आधी एक गोष्ट तपासावी. आपण जे देतो आहोत, ते आपले आहे का? माझी झोप माझी आहे. माझा वेळ, माझा पगार, माझ्या ताटातला घास, माझी शाबासकी हे सगळे माझे आहे. ते मी माझ्या मुलाला कितीही द्यावे. शेजाऱ्याच्या मुलापेक्षा शंभरपट द्यावे. पण संघातली अकरावी जागा माझी नसते. ती ज्यांनी घाम गाळला त्या सर्वांची मिळून असते आणि मी तिचा फक्त विश्वस्त असतो. परीक्षेतले गुण माझे नसतात, संस्थेतली नोकरी माझी नसते, धर्मग्रामाच्या समितीतले पद माझे नसते. दुसऱ्यांनी माझ्याकडे सांभाळायला दिलेली वस्तू मी उचलून आपल्या मुलाच्या हातात ठेवली, तर त्या कृत्याला मी प्रेम म्हणेन. पण ज्याची वस्तू गेली, तो त्याला दुसरेच नाव देईल.

दुसरा विचार याच्या अगदी उलट आहे आणि त्याचाही मोह काही कमी नाही. काही माणसे आपल्या मुलाच्या बाबतीत मुद्दाम कठोर होतात. मूल खरोखर लायक असते, तरी त्याला मागे ठेवतात. ‘मी माझ्या मुलालासुद्धा सोडले नाही,’ असे चारचौघांत सांगता यावे म्हणून. वर्गात शिक्षकाच्या मुलालाच जास्त मार बसतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाहेरून हे मोठे निःस्वार्थी दिसते. पण यातही दुसऱ्याची वस्तू उचललेली असतेच. हक्काची जागा मुलाची, ती काढून घेतली बापाने आणि तिच्या बदल्यात नाव कमावले स्वतःसाठी. लायक मुलाला डावलणारा बाप आणि नालायक मुलाला पुढे करणारा बाप हे दोघेही मुलाकडे पाहतच नाहीत. दोघांचेही लक्ष आरशात असते.

म्हणून न्याय करायचा तर मुलाचे नाव क्षणभर बाजूला ठेवून खेळ पाहावा लागतो. हे बोलायला सोपे आहे. ज्याने केले आहे, त्यालाच त्याची किंमत ठाऊक असते. आणि ज्याने केले नाही, त्यालाही ती कधीतरी कळतेच.

आमच्याकडून ते झाले नाही, हे इथे सांगणे आम्हाला भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आसपासच्या गावांतल्या मुलांचे फुटबॉलचे सामने ठरले होते. चौदा वर्षांखालील मुलांचा संघ निवडण्याचे काम तिघांकडे होते, त्यात आम्ही एक. दहा नावे पटकन ठरली. अकराव्या जागेसाठी दोन मुले होती. एक आमच्या सख्ख्या भावाचा मुलगा. दुसऱ्याची आई भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबईला जायची. तो मुलगा मोठ्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून घालायचा. दोघांत कोण चांगला खेळतो हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणालाही सांगता आले असते. आम्ही म्हणालो, ‘आमचा पोरगा सरावाला एक दिवस चुकलेला नाही.’ हे खरेच होते. दुसऱ्याला कधीकधी घरी थांबावे लागायचे, कारण धाकटी बहीण सांभाळायला कोणी नसायचे. बाकीच्या दोघांनी आमच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत आणि नाव ठरले.

सामने झाले, आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो आणि गाव ते विसरूनही गेले. तो दुसरा मुलगा मात्र पावसाळ्यानंतर मैदानावर दिसेनासा झाला. आम्ही त्याला बोलवायला गेलो नाही. जाऊ नये असे काही ठरवले नव्हते. जायला तोंड नव्हते, इतकेच.

पुढे किती तरी वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात आमचा पुतण्या आमच्याशेजारी बसला होता. मैदानाचा विषय निघाला. तो हसत हसत म्हणाला, “काका, तेव्हा तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा, हे मला माहीत होतं. चेंडू माझ्याकडे आला की कडेची सगळी पोरं त्याच्याकडे बघायची. मला वाटायचं, चेंडू आपल्याकडे येऊच नये.” त्याने तक्रार म्हणून हे सांगितले नव्हते. पण त्या दिवशी आमच्या लक्षात आले की आम्ही एका नव्हे, दोन मुलांचा खेळ घालवला होता. एकाची जागा घेतली आणि दुसऱ्याला अशी जागा दिली की जिथे त्याला सुखाने उभे राहता आले नाही. ज्याच्यावर प्रेम म्हणून हे केले, त्याच्याच वाट्याला ओझे आले.

रोमच्या त्या बाकाकडे आम्ही तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. बाकावर बसलेल्या मुलाला दुःख झाले असेल. पण कोणाची तरी जागा आपल्याला वशिल्याने मिळाली, ही बोच त्याला कधी लागली नाही. बापाने मुलाला देण्याजोगी ही गोष्टही लहान नाही.

दोन वर्षांनी, १९६२ साली, जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. रहीमसाहेबांची प्रकृती तेव्हा ढासळली होती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरवले. थायलंड आणि जपानला हरवून संघ पुढे गेला. जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्यांना बसवण्याऐवजी आघाडीला खेळवले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध भारत ३–२ असा जिंकला. त्या सामन्यात गोलपोस्ट सांभाळली होती प्रद्युत बर्मन यांनी. अंतिम सामन्यासाठी मात्र रहीमसाहेबांनी तापातून उठलेल्या पीटर थंगराज यांना उभे केले आणि बर्मन बाहेर बसले. म्हणजे बाकावर फक्त स्वतःचाच मुलगा बसला, असे नाही. चांगला खेळूनही दुसऱ्याचा मुलगाही बसला. माप एकच होते.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी खेळाडूंना जवळ बोलावून सांगितले की, उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, ते सुवर्णपदक आणा. ही आठवण त्यांच्या खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितली. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर सामना झाला. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत न घेतल्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने टीका केली होती. त्यामुळे सगळे मैदान भारताच्या विरोधात ओरडत होते. त्या गोंगाटात पी. के. बॅनर्जी आणि टाके पडलेल्या जर्नेलसिंग यांनी गोल केले आणि भारताने दक्षिण कोरियाला २–१ असे हरवले. त्या अकरा जणांत बंगाली होते, शीख होते, हैदराबादचे मुसलमान होते, थंगराज होते आणि मूळ गोव्याच्या कोलवाळचे, मुंबईत वाढलेले आपले फोर्तुनातो फ्रँको होते. आशियाई स्पर्धेतले फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला पुन्हा मिळालेले नाही.

११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेबांचा अंत झाला. वय अवघे त्रेपन्न. फ्रँको यांनी पुढे म्हटल्याचे सांगतात की आशियात जिंकण्याची विद्या रहीमसाहेब आपल्याबरोबर कबरीत घेऊन गेले. भारतीय फुटबॉलची पुढची वर्षे पाहिली तर हे बोल खरे वाटतात.

पण विद्येचा एक भाग घरात उरला होता. बाकावर बसलेला तो मुलगा फुटबॉलवर रुसला नाही. हवाई दलात नोकरी करत तो खेळत राहिला आणि स्क्वाड्रन लीडर झाला. पुढे तो प्रशिक्षक झाला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत पी. के. बॅनर्जी यांच्या हाताखाली त्याने भारतीय संघाला शिकवले. मुंबईच्या महिंद्र आणि महिंद्र संघाचा आणि गोव्याच्या साळगावकर संघाचाही तो प्रशिक्षक होता. आणखी एक काम त्याने केले, त्याचा विचार आमच्या मनात पुन्हा पुन्हा येतो. तो आंतरराष्ट्रीय पंच झाला. पंचाला कोणताच संघ आपला नसतो. ज्याने तरुणपणी बापाच्या हातून सारखे माप घेतले होते, त्याने पुढे शिट्टी हाती धरून तेच माप इतरांना दिले. २०१७ साली सरकारने त्याला ध्यानचंद पुरस्कार दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रँकोही गेले होते. आता रहीमसाहेबांची आठवण चित्रपटातही आहे. २०२४ साली आलेल्या ‘मैदान’ या चित्रपटात अजय देवगण यांनी त्यांची भूमिका केली. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल.

मग अशा माणसाच्या पाटीवर काय लिहावे? ‘थोर प्रशिक्षक व कुटुंबवत्सल पिता’ एवढेच लिहिले तर चालेल का? आम्हाला वाटते, चालेल. पण ते ‘व’ वाचताना आपण थोडे थांबायला हवे. त्या एका अक्षराचा भार एकट्या त्याने वाहिलेला नसतो. घरच्यांनीही तो वाहिलेला असतो. मैदानावरच्या पन्नास मुलांना जो वेळ मिळाला, तो कोणाच्या तरी घरातून आलेला असतो. बलरामच्या सायकलचे भाडे शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातूनच गेले असणार. मुलगा बाहेर बसला, तेव्हा त्याची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाला मिळाली. गावाचे भले करणाऱ्या प्रत्येक माणसामागे अशी काही माणसे असतात, ज्यांना न विचारता त्यांच्या वाट्यातून काही काढून घेतलेले असते. आपण त्या माणसाचा सत्कार करतो, शाल घालतो, त्याच्या मृत्यूनंतर भाषणे करतो. त्या घराचे आभार मानायचे मात्र राहून जाते.

इथे न्यायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. संघातली जागा आपली नसते म्हणून ती मुलाला देऊ नये, हे खरे. पण जे आपले आहे, ते तरी त्याला भरभरून द्यावे. काही माणसे दोन्हीकडे चुकतात. घरी वेळ देत नाहीत, लक्ष देत नाहीत आणि मग त्याची भरपाई म्हणून मुलाला कुठेतरी वशिल्याने चिकटवून देतात. स्वतःचे वाचवतात आणि दुसऱ्याचे वाटतात. ज्या मुलाला घरी बापाचा हात पाठीवर मिळालेला असतो, त्याला मैदानावर बापाची शिफारस लागत नाही. बाहेर बसावे लागले तरी ते मूल मोडत नाही. ज्याला घरी काहीच मिळाले नाही, त्याला मात्र अकरावी जागा मिळूनही ती पुरत नाही.

आपल्यापैकी काही जण येत्या वर्षात कुठल्या ना कुठल्या निवडीच्या टेबलाशी बसणार आहेत. शाळेत, मैदानावर, संस्थेत, सोसायटीत. तिथे आपल्या घरातले एखादे नाव समोर येईल. त्या वेळी कोणी तरी मैदानाच्या कडेला कापूस कोंबलेले बूट घालून उभे असेल, हे ध्यानात असू द्यावे. आणि त्या रात्री घरी गेल्यावर आपल्या मुलाशेजारी बसून, आज असे का केले, हे त्याला नीट समजावून सांगावे. न्याय करणे आणि ते समजावून सांगणे ही दोन्ही कामे बापाचीच आहेत.

आमच्या गावातला तो दुसरा मुलगा आता चाळिशीला आला आहे. मध्यंतरी तो मैदानाजवळ भेटला. त्याचा लहान मुलगा चेंडू मागे टाकून पुढे पळत होता आणि तो त्याला मागून हाका मारत होता. जे वीस वर्षांपूर्वी बोलायला हवे होते, ते आम्ही त्या दिवशी त्याच्याशी बोललो. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मला वाटायचं, मीच कमी पडलो.” त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याच्या मुलाने चेंडू आमच्या दिशेने मारला. आम्ही तो अडवला आणि परत त्याच्या पायाकडे ढकलला.